नावांपासून झालेली क्रियापदे



ज्या ग्रीक भाषेत नवा करार लिहिला गेला, तीत लोकांच्या व गावांच्या नावांपासून क्रियापदे साधण्याची रीत होती. मेदी लोकांवरून ‘मेदिझेइन’, म्हणजे इराणच्या बादशहाचा पक्ष धरणे; करिंथ नगरावरून ‘कोरिन्थियाझेस्थाइ’, म्हणजे स्वैराचार करणे. आपणही ‘मोगलाई माजली’ असे म्हणतोच. नावास अर्थ येतो तो वर्तनावरून, आणि वर्तन पालटता येते. त्याच करिंथात संत पौल दीड वर्ष राहिले व तेथे ख्रिस्तसभा उभी झाली.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय २, ओवी १४) असेच एक क्रियापद आहे: ‘इउदाइझेइन’, म्हणजे यहुदी रीतीने वागणे. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवीत असत. परंतु याकोबाकडील मंडळी येताच ते भिऊन वेगळे झाले. तेव्हा पौलांनी सर्वांदेखत विचारले की, परराष्ट्रीयांनी यहुदी रीत पाळावी अशी सक्ती आपण का करिता? एवढा थोर वाद उठला तो जेवणाच्या पंक्तीवरून!

रांजणगावच्या कारखान्यांमुळे कारेगावी आज नाना जिल्ह्यांचे, नाना जातींचे लोक राहतात. एका वेदीपाशी गुडघे टेकणारे आपण महोत्सवाच्या भोजनास आपापले घोळके करून बसलो, तर तो पंक्तिभेदच होय. उद्या कोणी कारेगावच्या नावाचे क्रियापद केले, तर त्याचा अर्थ ‘परक्यास आपल्या शेजारच्या पानावर बसविणे’ असा व्हावा, हेच आमचे प्रभूपाशी मागणे आहे.