पहिली ड्यूटी कुठे करावी?

(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त अधिसेविकेने दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली सुरू केली. त्यांच्या माघारी, 1909 मध्ये, रमाबाईंनी पुण्याचं सेवासदन उभं केलं आणि तरुण विधवांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची वाट दाखवली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्र रात्र घराबाहेर काढायची, म्हणून त्या काळच्या पुण्यानं भरपूर नाकं मुरडली. आज विषय नर्सिंगचा आणि व्यासपीठ व्याख्यानमालेचं, म्हणजे त्या नवरा-बायकोची दोन्ही कामं एकाच मांडवात आली. रमाबाईंचा आग्रह सेवेचा होता, तसाच बाईनं स्वतःच्या कमाईवर उभं राहण्याचाही होता. तेव्हा मी पगाराबद्दलही बोलणार आहे, आणि संकोच न करता बोलणार आहे.

निकाल लागतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येते आणि घरात चौकशा सुरू होतात. वडील विचारतात, पगार किती? आई विचारते, होस्टेल आहे का? मामा म्हणतात, सरकारीत का नाही बघत? आणि स्थळ बघणारे विचारतात, नाइट असते का हो? (असते. आजारी माणूस संध्याकाळी सहा वाजता बरा होऊन घरी जात नाही.) यातल्या एकाही प्रश्नात गैर काही नाही. पण माझ्या लेखी सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न या यादीत नाही. पहिल्या सहा महिन्यांत, रात्री दोन वाजता, हिच्या वॉर्डात अनुभवी सिस्टर कोण असेल? असेल ना?

इमारत, नाव आणि पगार, तिन्हींच्या आधी मी हे बघायला सांगते. का, ते एका उदाहरणानं सांगते. दुपारी ऑपरेशन झालेला पेशंट आहे. संध्याकाळी नाडी 88, तासाभरानं 100, मग 112. ब्लड प्रेशर मात्र ठीक. नवी मुलगी चार्टवर आकडे नीट लिहिते, ‘बीपी नॉर्मल’ म्हणून निर्धास्त होते. जुनी सिस्टर तोच चार्ट बघते, पेशंटच्या कपाळाला हात लावते, तो गार आणि ओलसर लागतो, आणि ती सरळ सर्जनना फोन लावते. आत रक्तस्राव होत असला तर नाडी आधी वाढते, प्रेशर बऱ्याच उशिरा पडतं. हे पुस्तकात आहे, दोघींनीही वाचलेलं आहे. पण पुस्तकातली ओळ आणि कॉटवरचा माणूस यांची गाठ घालून द्यायला शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं.

दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. आपल्याकडे 40 युनिटच्या व्हायल मिळतात आणि 100 युनिटचंही इन्सुलिन असतं. सिरिंजा दोन्हींच्या वेगळ्या. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं, तर त्याच रेघेपर्यंत अडीच पट औषध जातं. पोटॅशियम क्लोराइड न मिसळता थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. चांगल्या वॉर्डात असली औषधं वेगळी ठेवतात, देण्याआधी दुसरी सिस्टर तपासते. जिथे रात्री दुसरी सिस्टरच नाही, तिथे तपासणार कोण?

अमेरिकेत मार्लिन क्रेमर या परिचारिका-संशोधिकेनं 1974 साली ‘रिअॅलिटी शॉक’ नावाचं पुस्तक लिहिलं. शाळेत शिकवलेलं काम आणि वॉर्डात प्रत्यक्ष चालणारं काम यांतल्या दरीत नव्या नर्सेस कशा कोलमडतात, हा त्याचा विषय. पुढे 1984 मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी दाखवलं, की एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं घालवल्यावर नर्स सक्षम म्हणावी अशी होते. म्हणून मी मुलींना सांगते, पहिलं वर्ष जनरल मेडिकल नाहीतर सर्जिकल वॉर्डात काढा. आयसीयू, कॅथ लॅब, ओटी ही नावं ऐकायला भारी वाटतात, पण पहिल्याच दिवशी तिथे गेलेली मुलगी मशीन ओळखायला शिकते आणि माणूस ओळखायचं राहून जातं. हे माझं मत आहे. आयसीयूतल्या माझ्या मैत्रिणी यावर भांडतात, त्यांनी खुशाल भांडावं.

आता एका सिस्टरकडे पेशंट किती, ते बघू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो, की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक आणि रजेसाठी वर तीस टक्के राखीव. हे ऐकून समोर बसलेल्या दोघी-तिघी सिस्टर हसल्या, ते मी पाहिलं. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री तीस-चाळीस पेशंटमागे एक-दोघी असणं काही नवलाचं नाही. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये छापला. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. तेव्हा मुलाखतीत ‘रात्री माझ्याकडे किती पेशंट?’ असं विचारणारी मुलगी कामचुकार नाही. तो प्रश्न पेशंटच्या बाजूचाही आहे.

मुलाखतीतल्या उत्तरावर मात्र विसंबू नका. एचआरवाले सांगतात ते सांगायचंच असतं. त्यापेक्षा नातेवाइकासारखं जाऊन ड्यूटी बदलायच्या वेळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसा. ओव्हर कसा देतात, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती पेशंट कसे सोपवतात, ते बघा. काउंटरवर उभ्या उभ्या ‘सगळं ठीक आहे, चार नंबरचं सलाइन बदल’ एवढ्यावर उरकतात, की कॉटपाशी जाऊन, पेशंटच्या देखत देतात? फोनवर आलेली ऑर्डर कुणी लिहून घेतं, परत वाचून दाखवतं का? नवी मुलगी काही विचारते तेव्हा इन्चार्जबाईंचा चेहरा कसा होतो? मग होस्टेलच्या मेसमध्ये कुणाची ओळख काढा आणि एवढंच विचारा, की मागच्या वर्षी लागलेल्यांपैकी आता किती जणी आहेत. आणि मावशींशी बोला. वॉर्डातली मावशी जे सांगेल ते कुठल्याही जाहिरातीत मिळणार नाही.

सरकारी की खासगी, हा वाद आपल्याकडे फार चालतो. सरकारी रुग्णालयात हात तयार होतो, इतके आणि इतक्या तऱ्हेचे पेशंट दुसरीकडे बघायला मिळत नाहीत. नोकरी पक्की, पगार चांगला. एम्सची नॉरसेट परीक्षा 2020 पासून सुरू झाली, त्यात लागलेल्यांचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 44,900 पासून सुरू होतं. जरूर द्या परीक्षा. पण जाहिरातीची वाट बघत दोन वर्षं घरी बसू नका, तेवढ्यात शिकलेला हात विसरतो. मोठ्या खासगी रुग्णालयात, विशेषतः एनएबीएच मानांकन असलेल्या, सुरुवातीचं रीतसर प्रशिक्षण असतं, कागद शिस्तीत असतात. मात्र बारा तासांची ड्यूटी आहे का, ते आधी विचारा. मिरजेचं वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 चं, सेवाग्रामचं कस्तुरबा, गडचिरोलीत बंग दांपत्याचं ‘सर्च’. सेवेच्या परंपरेतल्या अशा संस्थांकडेही बघा, सगळ्याच वाटा पुण्या-मुंबईला जात नाहीत.

घराजवळच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमबद्दल मी जरा कडवट बोलते. डॉक्टर चांगले असतात, ओळखीचे असतात, म्हणूनच वडिलांना ते बरं वाटतं. पण तिथे मुलगी सलाइन लावते, बिलं करते, फोन घेते, औषधाच्या दुकानात बसते आणि रात्री एकटी असते. चुकलं काय आणि बरोबर केलं काय, सांगणारं कुणी नाही. पाच वर्षांच्या अनुभवानंतर तिथे जा, तुम्ही ते चालवून दाखवाल. पहिली नोकरी तिथे नको.

पगाराचं आता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्र सरकारनं समिती नेमली. तिनं खासगी रुग्णालयांसाठी सुचवलं, की दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी असावा, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के, आणि पन्नासच्या आतही वीस हजारांखाली कुठेच जाऊ नये. शिफारस आहे ही, अंमल राज्यांवर सोडलेला. किती ठिकाणी झाला, ते तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं. तरी हा आकडा पाठ करून मुलाखतीला जा. ‘शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला’ असं जिथे म्हणतात, तिथे बहुतेक वेळा शिकायलाही मिळत नाही.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत घालायची. बॉण्डवर सही करण्याआधी तो घरी आणून मोठ्यानं वाचायचा. नेमणूकपत्र, पीएफ, आठवड्याची सुट्टी, सगळं लेखी. आखाती देशांत जायचं मनात असेल तर तिथले मालक बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि अनुभवाचं पत्र नीट मिळालं नाही तर ती वर्षं कागदावर नसल्यासारखीच.

आणि एक गोष्ट आईवडिलांसाठी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला, तो ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना. त्यानंतर बेचाळीस वर्षं, 2015 पर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळलं. त्या सेवेला आपण हात जोडतो, पण कपडे बदलायची खोली कुठे आहे, हे विचारायला विसरतो. तर विचारा. खोलीला आतून कडी आहे का? जिन्यावर दिवा आहे का? संध्याकाळची ड्यूटी सुटल्यावर गाडी आहे, की रिक्षा शोधायची? लैंगिक छळाची तक्रार घेणारी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर दिसतात का? रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, नर्सेस त्यात येतात. पण नातेवाईक अंगावर धावून आले तर त्या क्षणी सिक्युरिटीला बोलवायची बेल कुठे आहे, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते त्या वॉर्डात जाऊनच कळतं.

ब्रदर मंडळी मागे बसली आहेत. कपडे बदलायच्या खोलीपासून पगारापर्यंत यातलं सगळं तुम्हालाही लागू आहे, फक्त तुमच्या वडिलांना तुमच्या नाइटची काळजी वाटत नाही, एवढाच फरक.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. प्रश्न घेऊ या. पालकांना विनंती, की पहिले दोन-तीन प्रश्न मुलींना विचारू द्या. आणि मुलींनो, पगाराचा प्रश्न असला तरी उभं राहून, माइकवरच विचारा.