आधी माळ काढा, मग मास्तर

माणदेशातल्या वाचकहो, शिक्षक मित्रांनो आणि मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांनो,

आज मला भांडायचं आहे: प्रकाशकांशी, समीक्षकांशी आणि आपल्या सगळ्यांशीही.

कादंबरीतलं चित्र म्हणजे लहान पोरांचा खाऊ, मोठ्यांच्या पुस्तकात त्याचं काय काम, असं आपल्याकडं सर्रास मानतात. हे अडाणीपण आहे, आणि माणदेशानं तर ते मुळीच करू नये. शेजारच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांनी आपल्या हातच्या चित्रांचं रामायण छापलं, १९३८ साली औंधात संग्रहालय उभं केलं. त्याच संस्थानातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांना लेखणीइतकाच रेखाटनाचाही नाद होता.

त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ची. त्यातला राजाराम मास्तर म्हणजे नुकता नोकरीला लागलेला पोरगा. पहाटे माळ तुडवत वाडीला येतो, तर शाळेत पोरं नाहीत, ती मेंढरांमागं. वाडीतल्या अंजीची चोळी शिवून आणली, एवढ्यावरून आधार असलेला कारभारीच तुटतो. तालीम उभी राहते, राजा येऊन जातो, आणि मग दुष्काळात वाडीच उठून जाते. एवढं सोसून हा पोरगा आपलं दुःख मोठ्या शब्दांत कुठं मांडत बसत नाही.

मग त्याचा झगडा चित्रात उतरवायचा कसा? आपले बरेच चित्रकार चेहरा मोठा काढतात, कपाळाला आठी घालतात, डोळ्यांत पाणी आणतात. वर फेटा, घोंगडं आणि मेंढरू लावलं की झाला माणदेश! मी ठणकावून सांगतो, हे चित्र खोटं आहे.

आधी माळ काढा, मग मास्तर. पानभर माळ, एखादी बाभळ आणि कोपऱ्यात नखाएवढा पोरगा. तो किती एकटा आहे, हे मोकळा कागदच सांगेल. चोळीच्या प्रसंगात मास्तरचं तोंड कशाला? कारभाऱ्याची पाठ काढा. आणि शेवटी शाळेपुढं वाळल्या लेंड्या काढा, मेंढरू एकही नको.

‘तोत्तोचान’मधली चिहिरो इवासाकींची चित्रं आठवा. ते जपानी पुस्तक आलं १९८१ साली. चित्रकर्ती १९७४ सालीच वारलेली. म्हणजे ती चित्रं पुस्तक वाचून काढलेलीच नव्हेत. तरी पहिलीतच शाळेतून काढून टाकलेल्या त्या पोरीचं मन त्यांत सापडतं, कारण लेकराभोवती कोरा कागद सोडायची हिंमत त्या बाईंकडं होती. चित्रानं मजकुराची नक्कल करायची नसते. मजकूर जिथं गप्प बसतो, तिथं बोलायचं असतं.

कोणी म्हणेल, चित्र छापलं की वाचकाच्या मनातला राजाराम मरतो. चेहरा लादलात तर मरतो, हे मला मान्य आहे. पण ज्यानं आयुष्यात असा माळ पाहिलेला नाही, त्याला माळ दाखवलात तर राजारामाची पायपीट त्याच्या पायांना कळते.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाखाली छापा, आतल्या पानावर बारीक अक्षरांत नव्हे. परीक्षण लिहिणाऱ्यांनी चित्रांबद्दलही चार ओळी लिहाव्यात, वाईट असतील तर वाईट म्हणावं. आणि ज्याला माणदेश काढायचा आहे, त्यानं मे महिन्यात एक दिवस इथं अनवाणी नाही तर नाही, पण पायी चालावं. त्याची भाकरी माझ्या घरी.

पोरांनो, तुम्हाला कोणाची वाट बघायची गरज नाही. चुलीतला कोळसा घ्या, ‘बनगरवाडी’ घ्या आणि राजाराम काढायला बसा. तो तुमच्याहून फार मोठा नाही, आणि त्याचा माळ तुमच्या दारात आहे.