हेरकथेचा वाचक काय विचारतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



हेरगिरी, दहशतवाद आणि प्रेम यांची एकत्र गुंफण करणाऱ्या कादंबऱ्या व चित्रपट हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी घ्यावा, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई आणि बेकारी यांसारखे ज्वलंत प्रश्न बाजूला ठेवून करमणुकीच्या वाङ्मयाची चर्चा करणे, हा चैनीचा उद्योग वाटू शकतो. ही शंका नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्रातल्या असंख्य सामान्य माणसांना वाचनाची गोडी लावली. परंतु पुरोगामी वर्तुळात त्यांचा उल्लेख झालाच तर तो बहुधा किंचित हसून झाला. त्या वाचकाला या कथांत काय सापडले, हे त्यालाच विचारण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. हेरकथेच्या बाबतीत ही उदासीनता अधिक महाग पडते. राज्यसंस्थेचे जे अंग नागरिकाच्या दृष्टीस कधी पडत नाही, त्याची ओळख त्याला प्रामुख्याने या कथांतूनच होत असते.

एक उदाहरण घेऊ. माजी नौदल अधिकारी हरिंदर सिक्का यांची ‘कॉलिंग सेहमत’ ही इंग्रजी कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला, मेघना गुलजार यांनी दिग्दर्शित केलेला ‘राझी’ हा चित्रपट २०१८ च्या मे महिन्यात आला आणि कादंबरीला नव्याने वाचक मिळाले. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर सेहमत ही काश्मिरी मुलगी वडिलांच्या इच्छेनुसार एका पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून जाते, तेथून भारतीय गुप्तचरांना बातम्या पुरवते आणि उघडकीस येण्याची वेळ आली तेव्हा घरातल्या माणसांचे प्राणही घेते. चित्रपटात तिचा नवरा इक्बाल सरळ मनाचा, तिच्यावर मनापासून प्रेम करणारा तरुण आहे. अखेरीस तोही मरतो. आणि ज्या स्फोटात तो मरतो, तो सेहमत जिवंत हाती लागू नये म्हणून तिच्याच वरिष्ठांनी घडवून आणलेला असतो.

या कथेविषयी वाचक-प्रेक्षकांत जे अभिप्राय सर्रास ऐकू येतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला अभिप्राय असा की, ही सत्यकथा आहे म्हणून ती श्रेष्ठ. दुसरा असा की, प्रेमप्रकरणामुळे हेरकथेची गती मंदावते, किंवा उलट, हेरगिरीच्या धावपळीत प्रेमकथा फुलत नाही. तिसरा अभिप्राय हा अभिप्राय कमी आणि प्रश्न अधिक आहे. इक्बालचा काय अपराध होता? समीक्षक या तिन्हींना बाळबोध समजतात. वस्तुतः तिन्हींत राजकारण भरलेले आहे.

प्रथम सत्यतेचा मुद्दा. एका सैन्याधिकाऱ्याच्या आईची ही हकीकत असल्याचे लेखकाने सांगितले आहे. तिचे खरे नाव मात्र दिलेले नाही. ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेविरुद्ध रचलेल्या कटाची बातमी सेहमतमुळे भारताला कळली, असे ही कथा सांगते. नौदलाच्या इतिहासात मात्र वेगळ्या गोष्टींना महत्त्व आहे. ‘विक्रांत’ अंदमानच्या बाजूला हलवण्यात आली होती, आणि ‘राजपूत’ या विनाशिकेने ‘विक्रांत’ असल्याचा देखावा करणारे संदेश पाठवून शत्रूची दिशाभूल केली होती. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशाने बुडाली याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे आजही जुळत नाही. मग वाचक कादंबरीलाच इतिहास का मानतो? तो भोळा आहे म्हणून नव्हे. तपासून पाहण्याचे दुसरे साधन त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही, म्हणून.

‘रॉ’ ही संस्था १९६८ साली शासकीय आदेशाने अस्तित्वात आली. संसदेने केलेल्या कायद्याने तिची स्थापना झालेली नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातूनही, भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग यांविषयीची माहिती सोडल्यास, तिला वगळण्यात आले आहे. गुप्तचर संस्थांना कायद्याचा आधार व संसदेचा अंकुश असावा यासाठी खासदार मनीष तिवारी यांनी २०११ साली खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. लोकशाहीत गुप्तता कितपत असावी, याची चर्चा जेथे व्हायला हवी तेथे ती होत नाही, आणि ती पोकळी कादंबरीकार भरून काढतो. वाचकाने कादंबरीला सत्यकथा म्हटले, तर त्याला हसण्याआधी ही पोकळी कोणी ठेवली याचा विचार व्हावा.

आता प्रेमाचा मुद्दा. या जातीच्या कथेत प्रेम ही वरून लावलेली झालर नसते. निराकार राज्यसंस्थेला वाचकाच्या हृदयापर्यंत पोचायचे, तर तिला एखाद्या पत्नीचे, एखाद्या नवऱ्याचे रूप घ्यावे लागते. मणिरत्नम यांचा ‘रोजा’ हा तमिळ चित्रपट १९९२ च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला आणि हिंदीत भाषांतरित होऊन देशभर गाजला. त्यातला नायक ‘रॉ’साठी काम करणारा संकेतलिपीतज्ज्ञ आहे. काश्मीरमध्ये दहशतवादी त्याचे अपहरण करतात, आणि तमिळनाडूच्या खेड्यातून आलेली, हिंदीही न समजणारी त्याची पत्नी त्याच्या सुटकेसाठी सरकारचे उंबरठे झिजवते. हात बांधलेला नायक पेटत्या राष्ट्रध्वजावर झेप घेतो, त्या प्रसंगाला चित्रपटगृहे टाळ्यांनी दुमदुमली. राष्ट्रीय एकात्मतेसाठी दिल्या जाणाऱ्या नर्गिस दत्त पुरस्कारानेही त्याचा गौरव झाला. पुढे १९९४ साली तेजस्विनी निरंजना यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये लेख लिहून, ही एकात्मता नेमकी कोणाच्या राष्ट्राची, असा प्रश्न विचारला. तो प्रश्न रास्तच होता. ज्या खोऱ्याची कथा सांगायची, तेथे चित्रीकरण करणेही तेव्हा धोक्याचे झाले होते. पडद्यावरचे काश्मीर प्रत्यक्षात अन्यत्र चित्रित झाले होते, आणि सामान्य काश्मिरी माणूस त्या कथेत जवळजवळ नव्हताच.

परंतु टाळ्या वाजवणाऱ्या त्याच प्रेक्षकांत आणखी एक वाद होत असे, तो समीक्षेत फारसा उमटला नाही. एका माणसासाठी पकडलेला दहशतवादी सोडावा, असा हट्ट धरणारी रोजा स्वार्थी की न्यायी? कोणी म्हणे, देशापुढे एका नवऱ्याची काय मातब्बरी! कोणी म्हणे, सरकारच्या कामासाठी गेलेल्या माणसाला सरकारने वाऱ्यावर सोडायचे, तर देश म्हणजे काय? एका नागरिकाच्या प्राणाचे मोल राज्याने किती धरावे, हा राज्यशास्त्रातला मूलभूत प्रश्न. तो अशा रीतीने चहाच्या टेबलावर आणि स्वयंपाकघरात चर्चिला गेला.

१९९२ ची रोजा राज्याकडे नवरा मागते. २०१८ ची सेहमत राज्याला नवरा देते. मधल्या काळात नागरिकाकडून मागितल्या जाणाऱ्या त्यागाचे माप वाढले, असा निष्कर्ष कोणी काढील. तथापि ‘राझी’चा शेवट तेवढ्यावर थांबत नाही. सेहमत आपल्या वरिष्ठांसमोर कोसळते. ज्यात नात्यांना आणि माणसाच्या जिवाला किंमत नाही असे हे युद्ध तिला उमगत नाही, आणि ती घरी परत जाऊ देण्याची विनवणी करते. इक्बालचा अपराध विचारणारा प्रेक्षक तिचेच बोलणे पुढे चालवत असतो. शत्रुराष्ट्रातल्या एका माणसासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्यामुळे त्याची देशभक्ती तिळमात्र उणी होत नाही. द्वेषाच्या राजकारणाला नेमकी हीच गोष्ट परवडत नाही.

त्याचा पुरावा दूर नाही. ‘राझी’त पाकिस्तानातल्या शाळेची मुले मातृभूमीचे गीत गातात. गुलजारांनी त्यात देशाचे नाव घातलेले नाही, म्हणून तेच गीत गाताना सेहमतच्या मनात भारत असू शकतो. याच गीतात इक्बाल यांनी लहान मुलांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध प्रार्थनेतल्या ओळी गुंफलेल्या आहेत. हे गीत लोकांनी डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, उत्तर प्रदेशातील पिलीभीत जिल्ह्यात एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला मुलांकडून हीच प्रार्थना म्हणवून घेतल्याबद्दल निलंबित करण्यात आले. नंतर ते निलंबन मागे घेतले गेले. परंतु चित्रपटगृहात चालणारी प्रार्थना शाळेत चालत नाही, हा संदेश गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचायचा तो पोचलाच. ते गीत आवडल्याचे सांगणाऱ्या प्रेक्षकासमोर या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या त्याला अधिक सांगून जातील.

एक गोष्ट मात्र वाचकांच्या अभिप्रायांतही क्वचितच आढळते, आणि तिच्याकडे त्यांचे लक्ष वेधणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. कादंबरीतला हेर मोबदल्याची अपेक्षा ठेवत नाही. त्याला पगार, रजा, निवृत्तिवेतन यांची विवंचना नसते. प्रत्यक्षातली एक हकीकत २०२२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आली. राजस्थानातील, टपाल खात्याच्या रेल्वे मेल सेवेतील एका कर्मचाऱ्याचे म्हणणे असे होते की, देशाच्या गुप्त कामगिरीसाठी त्याला सीमेपलीकडे पाठवण्यात आले, १९७६ मध्ये तेथे अटक झाली आणि हेरगिरीच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात त्याची वर्षानुवर्षे गेली. इकडे दीर्घकाळ गैरहजर राहिल्याच्या कारणावरून त्याची नोकरी गेली होती. केंद्र सरकारने त्याच्याशी आपला संबंध नाकारला. न्यायालयाने एकंदर परिस्थिती ध्यानात घेऊन त्याला १० लाख रुपयांची सानुग्रह रक्कम देण्याचा आदेश दिला. तोवर तो माणूस वृद्ध झाला होता. या हकीकतीत संगीत नाही, प्रेमप्रसंग नाही. हातचे काम गेलेला एक कामगार आणि त्याला ओळख न देणारे त्याचे सरकार, एवढेच आहे. कंत्राटी मजुराला मालक ‘हा आमचा माणूस नव्हे’ असे सांगतो, तेव्हा कार्यकर्ता त्याच्या बाजूने उभा राहतो. तेच वाक्य राज्यसंस्थेने उच्चारले की ते राष्ट्रहिताचे ठरते, आणि सारे गप्प बसतात.

गुप्तचर नसावेत, असा याचा अर्थ नाही. सीमेपलीकडून घातपात घडवले जातात. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईने ते भोगले आहे, आणि वेळेवर मिळालेली बातमी शेकडो प्राण वाचवू शकते. म्हणूनच हे काम करणाऱ्या माणसांना कायद्याचे संरक्षण हवे, त्यांच्या कुटुंबांना आधार हवा आणि त्यांना कामाला लावणाऱ्या संस्था संसदेला उत्तरदायी हव्यात. ही मागणी नुसत्या ठरावात मांडली तर चार लोक ऐकतील. इक्बालचा अपराध विचारणाऱ्या वाचकाला ती त्याच्याच प्रश्नापासून पुढे नेऊन सांगितली, तर तो ऐकेल. कारण अर्धी वाट तो स्वतःच चालून आलेला आहे.

तेव्हा गावातल्या वाचनालयात अशी कादंबरी परत करायला कोणी आला, तर अभिरुचीचा धडा देऊन त्याला गप्प करू नये. पुस्तक कसे वाटले, हे त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे.