कपड्यांत दिसत नाही, मग ऑपरेशन कशाला?

(युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीत इंजिनीअरिंग केलं, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, वय ३४. म्हणून उपदेश करत नाही. मला एक निर्णय घ्यावा लागला, तो कसा घेतला एवढंच सांगते. खूप वजन कमी झाल्यावर अंगावर लोंबणारी कातडी ऑपरेशन करून काढायची की नाही, हा तो निर्णय.

वयाच्या तिसाव्या वर्षी माझं वजन १२४ किलो होतं. उंची १६० सेंटिमीटर. मधुमेह सुरू झाला होता, जिना चढताना गुडघे बोलायचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने जठर लहान करण्याचं स्लीव्ह ऑपरेशन केलं. त्यात दुर्बिणीतून जठराचा साधारण ८० टक्के भाग काढून टाकतात. पुढच्या दीड वर्षात वजन ७० किलोवर आलं. साखर ताब्यात आली. मिरजेच्या घरी, मोहल्ल्यात, ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं. कपड्यांच्या आत काय चाललंय, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

कातडीला ताण सोसून पुन्हा जागेवर आणणारे तंतू असतात, कोलॅजेन आणि इलॅस्टिन. वर्षानुवर्षं ताणलं की ते तुटतात, सैल पडतात. जुन्या सलवारीचं इलॅस्टिक एकदा गेलं की गेलं, तसंच. वय, किती वर्षं वजन जास्त होतं, किती किलो उतरलं, सिगारेट ओढता का, यावर कातडी किती आक्रसेल ते ठरतं. व्यायामाने खालचे स्नायू मजबूत होतात, पण वरची जास्तीची कातडी जात नाही. माझ्यासारखी घडी पडून लोंबत असेल, तर क्रीम आणि मालिश यांवर पैसे घालवू नका.

माझ्या पोटाची घडी मांडीपर्यंत यायची. उन्हाळ्यात घडीच्या आत घाम साचून कातडी लाल व्हायची, चिघळायची, बुरशी धरायची, वास यायचा. आंघोळ झाली की घडी उचलून पुसायची, पावडर नको म्हणून सुती कापडाची पट्टी ठेवायची. भरभर चाललं की ओढ बसायची. सजद्यातून उठताना एक हात पोटाखाली लागायचा. सलवार-कमीजच्या आत यातलं काही दिसत नव्हतं, हे खरं.

ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा घरात तीन मतं पडली. अम्मी म्हणाली, "कपड्यांत कुठं दिसतं बेटा? झाकलेलं आहे, राहू दे." भाभी म्हणाली, "स्थळं यायला लागलीत, लवकर करून टाका." खाला म्हणाल्या, "अल्लाहने दिलेल्या शरीरात सुंदर दिसण्यासाठी फेरफार करू नये." तिघींचं माझ्यावर प्रेम आहे. पण नीट ऐका, तिघीही दिसण्याबद्दलच बोलत होत्या. घडीच्या आत दुखतं का, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे बाईच्या शरीराबद्दल बोलणं निघालं की ते बघणाऱ्याच्या बाजूने निघतं. ते शरीर घेऊन दिवसभर वावरते कोण, हा प्रश्न मागेच राहतो.

खालांचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला. मी आलिमा नाही, पण हदीसमध्ये अरफजा नावाच्या सहाबींचा उल्लेख आहे. लढाईत त्यांचं नाक गेलं होतं. चांदीचं बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. एरवी पुरुषांना सोनं वर्ज्य. त्रास आणि व्यंग दूर करणं वेगळं आणि हौसेखातर बदल करणं वेगळं, हा फरक फिकहमध्ये जुना आहे. खालांना मी हे सांगितलं आणि पहिल्यांदाच घडीखालची कातडी दाखवली. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही दाखवलंस?"

तरी ऑपरेशन करायचंच असं त्यातून ठरत नव्हतं. म्हणून मी दोन महिने वही ठेवली. आमच्या कामात कुणी "सिस्टिम बिघडली" म्हणालं, तर आम्ही विचारतो, नेमकं काय, कधी, किती वेळा? तेच विचारलं. पोट, दंड आणि मांड्या, तिन्हींसाठी तीन रकाने: त्रास काय, किती दिवस, आणि ऑपरेशनशिवाय इलाज आहे का. पोटासाठी ६० पैकी २३ दिवस मलम लागलं होतं. मांड्या घासायच्या, पण आतून घट्ट शॉर्ट्स घातल्यावर तो त्रास जवळजवळ थांबला. दंडांची कातडी लोंबते, पण दुखत नाही. आरशात बघून वाईट वाटतं, एवढंच. वाईट वाटणं खोटं नसतं, आणि त्यासाठी कुणी दंडांचं ऑपरेशन केलं तर तो गुन्हा नाही. पण माझ्याकडचे पैसे आणि सुट्टी पाहता मी फक्त पोट निवडलं.

मग सर्जनकडे. तिथे कळलं की पोटाची ऑपरेशनं दोन प्रकारची असतात. एकात फक्त लोंबणारी कातडी आणि चरबी कापून काढतात, त्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. दुसऱ्यात सैल झालेले स्नायूही शिवून घट्ट करतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात, ती ॲब्डॉमिनोप्लास्टी. लायपोसक्शनने चरबी निघते, लोंबती कातडी निघत नाही. वजन किमान सहा महिने स्थिर असावं लागतं. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी-१२ तपासतात, कारण जठराच्या ऑपरेशननंतर या गोष्टी कमी पडतात आणि मग जखम भरत नाही. सिगारेट ओढणाऱ्याने निदान चार आठवडे आधी बंद करावी लागते, नाहीतर शिवलेल्या कडेची कातडी मरू शकते.

धोके मी लिहून घेतले. कातडीखाली पाणी साचणं, जंतुसंसर्ग, टाके उसवणं, रक्तस्राव, आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. शेवटचा धोका विरळ, पण जिवावरचा. आणि व्रण. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, आयुष्यभराचा. म्हणजे घडी देऊन व्रण घ्यायचा. हा सौदा मान्य आहे का, एवढाच खरा प्रश्न होता. ज्याला गुळगुळीत पोट हवं आहे, त्याची या सौद्यात निराशा होईल.

"लग्न आणि मुलं झाल्यावर कर," असंही सुचवलं गेलं. यात तथ्य आहे. या ऑपरेशननंतर मूल होऊ शकतं, पण गरोदरपणात पोट पुन्हा ताणतं, म्हणून पुष्कळ सर्जन थांबायला सांगतात. मी विचार केला, जे लग्न अजून ठरलेलं नाही, त्यासाठी आणखी किती उन्हाळे काढू? पुढे पोट थोडं सैल पडलं तर पडू दे. दोन वर्षांत मूल हवं आहे अशी बहीण इथे असेल, तर तिचं उत्तर वेगळं येईल आणि तेही बरोबर असेल.

आता पैशांचं. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. आयआरडीएआयच्या २०१९च्या नियमांतल्या कलमात अपवाद दिला होता: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचा उपचार, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मी मलमांच्या चिठ्ठ्या, फोटो, प्रमाणपत्र सगळं जोडलं. तरी दावा नाकारला गेला. तुम्ही अर्ज जरूर करा, पण हिशेब करताना ते पैसे मिळतील असं धरू नका. मला २ लाख १० हजार रुपये लागले. ते मिरजेच्या घराच्या छतासाठी साठवले होते. अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "छत अजून एक पावसाळा काढेल." त्या पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या लावाव्या लागल्या. हेही ऑपरेशनच्या खर्चातच धरा.

सर्जन निवडताना जाहिरात पाहू नका. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर आयसीयू कुठे, गुंतागुंत झाली तर तिचा खर्च कुणाचा, हे विचारा. त्यांच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो मागा. विचारल्यावर जो चिडतो, तिथून उठा.

बकरी ईदची कामं आटोपल्यावर माझी पॅनिक्युलेक्टॉमी झाली. पहिले दहा दिवस वाकून चालले. सहा आठवडे घट्ट पट्टा, वजन उचलणं बंद, नमाज खुर्चीवर. कातडीखाली पाणी साचलं, ते दोनदा सुईने काढावं लागलं. आज दहा महिने झाले. व्रण अजून लालसर आहे, बेंबीखालचा भाग बधिर आहे. दंड तसेच लोंबतात. आणि या उन्हाळ्यात मी एक दिवसही मलम लावलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी न करण्याचा निर्णय घेतला, तर तोही पूर्ण निर्णय आहे. फक्त तो "लोक काय म्हणतील" यावर किंवा "स्थळ येतंय" यावर घेऊ नका. आणि एखादी मैत्रीण, एखादा भाऊ तुमच्याजवळ हा विषय काढेल, तेव्हा ती किंवा तो कसा दिसेल यावर मत देऊ नका. आधी विचारा, त्रास काय होतो? मग शांतपणे ऐका. बोलायला धीर गोळा करावा लागलेला असतो.