आईच्या बाळंतपणात काय झालं होतं?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की आम्ही थोडा वेळ आरोग्यावर बोलतो. अशाच एका बैठकीत आम्ही विचारलं, "तुमच्या आईला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?" सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "बीपीचं ठाऊक नाही. पण धाकट्या भावाच्या वेळी आईला आकडी आली होती. बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावला होता."

ती स्वतः तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तोंड सुजलेलं, चार दिवस डोकं ठणकत होतं. सुकट वाळवताना ऊन लागलं असेल, असं घरचे म्हणत होते. आम्ही तिला तशीच रुग्णालयात नेलं. वरचं बीपी 160 च्या पुढे, लघवीत प्रथिनं. दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावं लागलं. बाळ जेमतेम दीड किलोचं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आज दोघं सुखरूप आहेत. पण आईची आकडी ही नर्सताईंना सांगायची गोष्ट आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं.

गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनंही जातात, त्या आजाराला डॉक्टर प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, बाळाची वाढ खुंटते. आईच्या यकृतावर, मूत्रपिंडावर, मेंदूवर ताण येतो आणि आकडी येऊ शकते. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला असेल, तर आपला धोका वाढतो. होईलच असं नाही, पण वाढतो. आणि फक्त माहेरचंच नाही हं! नवरा पोटात असताना सासूबाईंना हा त्रास झाला असेल, तरी धोका थोडा वाढतो. कारण वार बाळाच्या पेशींपासून बनते, आणि बाळात बापाचाही वाटा असतो. सासूबाईंना असलं विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारा. "बीपी होतं का?" असं नको. "आकडी आली होती का, बाळ आधीच झालं का, पोटातच गेलं का?" असं विचारा.

आपला तालुका मिठागरांचा, म्हणून मिठावरही बोलतो. मीठ पार बंद केलं की हा आजार टळतो, असं नाही. धोका जास्त असेल तर डॉक्टर 12 आठवड्यांनंतर, शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी, कमी ताकदीची अॅस्पिरिन सुरू करतात. ती मनाने घ्यायची नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

डोकं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. घारापुरीच्या बायांना तर आधी होडी गाठायची असते. त्यांनी रात्री कोण नेणार हे आधीच ठरवून ठेवावं. बाळंतपणानंतरही सहा आठवडे सावध राहायचं, आकडी तेव्हाही येते.

त्या मैत्रिणीची धाकटी बहीण करंजाला दिली आहे. तिला आता चौथा महिना आहे. नाव नोंदवतानाच तिने आईचं आणि बहिणीचं, दोघींचं सांगितलं. डॉक्टरांनी तिला रोजची छोटी गोळी सुरू केली आहे. येत्या 9 तारखेला तिची तपासणी आहे, आमच्यातली एक सोबत जाणार आहे.