फाइलमध्ये आईचं एक पान

(कोल्हापुरातील वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, हे तुम्ही जाणता. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, हेही वाचलेलं आहे. ५३ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, हा केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालातला आकडाही अनेकदा ऐकलात. म्हणून ते सोडून मुद्द्यावर येते. अत्याचार झालेल्या मुलाच्या मनाची तपासणी आपण करतो, त्याला सांभाळणाऱ्या माणसाची कोणी करत नाही. आणि ती केल्याशिवाय मुलाची तपासणी खरी उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लहान मुलाला मनातलं नीट सांगता येत नाही, म्हणून आपण आईला विचारतो. झोपतं का? दचकतं का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन ब्रिअर यांनी ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९० प्रश्नांची अशी सूची २००५ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तरं पालकाने द्यायची. पण पालक सगळंच नाकारतोय का, की भलतंच वाढवून सांगतोय, हे ताडून पाहायची सोयही त्यांनी त्यातच ठेवली. कारण रात्र रात्र जागणाऱ्या आईला मुलाने कूस बदलली तरी धसका बसतो. दुसरी इतकी बधिर झालेली असते की तिला काही दिसतच नाही. दोघीही खोटं बोलत नसतात.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. इचलकरंजीकडची एक आई, यंत्रमागावर जाणारी. तिच्या मुलीला त्रास देणारा नात्यातलाच. तक्रार केली म्हणून सासरच्यांनी बोलणं टाकलं. आज कोर्ट, उद्या दवाखाना, परवा बालकल्याण समिती. खाडा पडला की मजुरी गेली. "पोरगी जेवंना, बोलंना, सगळं संपलं मॅडम," एवढंच ती सांगायची. मुलगी दहा वर्षांची. ती म्हणायची, "मला काय बी हुईत न्हाई." आईचा कागद एक बोलतो, मुलीचा दुसरा. खरा कोणाचा मानायचा? बऱ्याच भेटींनंतर चित्र रंगवता रंगवता मुलगी म्हणाली, "मी रडलो की आई लई रडती. मग मी न्हाणीत जाऊन रडतो."

आईला सावरण्यासाठी दहा वर्षांचं पोर आपलं दुखणं लपवत होतं. पुढे आईसाठी वेगळा वेळ ठेवला, तिच्या झोपेवर उपचार सुरू झाले, तेव्हा कुठे मुलगी तिच्यासमोर रडली.

 

मागून कोणी विचारलं, "बापाचं काय?" (हशा) प्रश्न अगदी रास्त आहे. बापाला, आजीला, संस्थेतल्या काळजीवाहिकेलाही हेच लागू आहे. समोर काही भगिनींच्या कपाळाला आठ्या दिसतात. मी आईला दोष देत नाही. मूल सावरण्यात घरच्या माणसाच्या विश्वासाचा आणि आधाराचा वाटा फार मोठा असतो, म्हणूनच हा आग्रह. पोलीस मित्रही बसले आहेत, त्यांच्यावर रोख नाही. पण ऑगस्ट २०२४ मधलं, बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण आठवा. तक्रार नोंदवण्यातल्या दिरंगाईवर मुंबई उच्च न्यायालयाला बोलावं लागलं. पोलीस ठाण्यात ताटकळणारे ते आईबाप कोणत्या अवस्थेत मुलांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते?

माझी मागणी एकच आहे. पोक्सोखालच्या प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये सांभाळणाऱ्याचं एक पान असावं: झोप, जेवण, रोजगार, घरातला आधार, आणि त्याच्यासाठी समुपदेशनाची तारीख. महिला व बालविकास विभागाने आणि बालकल्याण समितीने ही पद्धत कोल्हापूर जिल्ह्यातून सुरू करावी. आणि तुम्ही, शेजारीपाजारी, एवढं करा: संशय आला तर १०९८ वर फोन करा, आणि त्या आईला एकटं टाकू नका.