निसटती मिशी आणि राजे घराणं

माननीय प्राचार्य, प्राध्यापक मंडळी, मोठ्या कष्टाने गप्प बसलेले विद्यार्थी, आणि माझं भाषण कधी आटपतंय म्हणून विंगेतून डोकावणारे नटनट्या,

मघाशी मी ग्रीनरूममध्ये डोकावून आले. एकांकिकेतल्या सासऱ्याची मिशी एका बाजूने सुटली होती. ती बोटाने दाबून धरत तो संवाद घोकत होता. मला एकदम कादंबरीकार सोनाली देव आठवल्या. त्यांनी पहिलं नाटक लिहिलं ते आठव्या वर्षी. मुंबईत, शेजारपाजारच्या मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ते झालं. विषय काय, तर एकाला दुसराच समजल्यामुळे उडालेला गोंधळ!

पुढे मात्र आर्किटेक्चरचं शिक्षण, लेखनाशी संबंधित आणखी एक पदवी, अमेरिकेत संसार, मुलं, मासिकांसाठी लिखाण असं बरंच काही झालं. पहिली कादंबरी, 'अ बॉलिवूड अफेअर', आली ती २०१४ मध्ये. चौथ्या वर्षी लग्न लावून दिलेली राजस्थानातली मुलगी, नवऱ्याचं तोंडही न पाहता मोठी होते आणि शिकायला मिशिगनला जाते. म्हणजे दिवाळीतला तो गोंधळ वेश बदलून परत आलाच म्हणा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्या वर्षीची सर्वोत्तम प्रणयकादंबरी म्हणून तिची निवड केली.

'प्रणयकादंबरी' म्हटल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकली, ती ऐकली बरं का मी. मी अनेक वर्षं सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवली, त्यामुळे ही खसखस माझ्या ओळखीची आहे. आमच्या एक वर्गणीदार बाई दर शनिवारी दोन पुस्तकं न्यायच्या. वर एखादं वजनदार चरित्र आणि खाली शैलजा राजे नाहीतर कुसुम अभ्यंकर यांची कादंबरी. चरित्र परत यायचं तेव्हा त्याची पानंसुद्धा एकमेकांपासून सुटलेली नसायची. खालच्या पुस्तकात मात्र बसची तिकिटं, फोडणीचे डाग आणि एकदा तर वाण्याची यादी सापडली. वाचलं कुठलं जायचं ते मला कळत होतं. पण रजिस्टरात नाव लिहिताना बाई चरित्रच पुढे सरकवायच्या.

जेन ऑस्टेनच्या पुस्तकांना आज चरित्राचा मान आहे. प्रत्यक्षात तीही याच खालच्या पुस्तकांची आजी. तिने 'फर्स्ट इम्प्रेशन्स' नावाची कादंबरी १७९७ मध्ये पुरी केली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. वडिलांनी लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, तर उलट टपाली नकार. हस्तलिखित बघायचीही तसदी त्याने घेतली नाही. पुढे तिने तीच कादंबरी पुन्हा हातात घेतली, छाटली, नाव बदललं आणि १८१३ मध्ये ती 'प्राइड अँड प्रेज्युडिस' म्हणून बाहेर आली. हक्क विकून मिळाले एकशे दहा पौंड. मागितले होते दीडशे! जुनी गोष्ट नव्याने लिहिणं हा कमीपणा वाटत असेल, तर ऑस्टेनबाईंनी पहिली मोडतोड स्वतःच्याच कादंबरीची केली होती, हे ध्यानात असू द्या.

सोनाली देव यांनी २०१९ ते २०२२ या चार वर्षांत ऑस्टेनच्या चार कादंबऱ्या नव्याने रचल्या. चारही गोष्टी एकाच घराण्यातल्या: कॅलिफोर्नियातलं, मूळचं आपल्याकडच्या संस्थानिकांचं राजे घराणं. पहिल्या पुस्तकातली त्यांची करामत बघा. मूळ गोष्टीत, म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये, गर्विष्ठ, श्रीमंत डार्सी पुरुष आहे. इथे डार्सीची जागा त्रिशा राजे घेते. ती मेंदूची शल्यविशारद, हुशार आणि तोंडाने फटकळ. समोर डीजे, हा स्वयंपाकी. त्याच्या बहिणीच्या मेंदूत गाठ आहे. शस्त्रक्रिया करून तिला वाचवू शकेल ती त्रिशाच, पण बहिणीची दृष्टी जाणार. आणि बहीण चित्रकार! आता इथे 'तुझ्या घरच्यांची पायरी काय' हा जुना अहंकार किती वेगळा लागतो पाहा. ज्या हातांवर बहिणीचा जीव, त्याच हातांच्या मालकिणीने तुम्हाला नोकर समजावं. ऑस्टेनच्या एलिझाबेथला अपमान गिळायचा नव्हता, तिने डार्सीच्या मागणीला सरळ नकार दिला. डीजेला नकार तरी परवडतो का?

मला ही नक्कल वाटत नाही. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, तेव्हा लंडनची बोली इथे चालणार नव्हती. इथे माणूस तोंड उघडताच त्याची जात, गाव, शाळा कशी कळते, ते त्यांना मुळापासून शोधावं लागलं. देव यांनीही तोच उद्योग केलाय. ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन'मध्ये वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून प्रेमाला नाही म्हणणारी मुलगी देव यांच्या दुसऱ्या पुस्तकात वडिलांचं डबघाईला आलेलं रेस्टॉरंट सांभाळणारी अश्ना होते. सोडून गेलेला प्रियकर ब्राझीलचा फुटबॉलपटू, आणि दोघांची पुन्हा गाठ पडते टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत. तिसरी, गव्हर्नरपदाच्या उमेदवाराची, मला तितकीशी भिडली नाही. त्यातली योगशिक्षिका जरा जास्तच शांत आहे. चौथीत मात्र पुन्हा मजा आहे. दुसऱ्यांची आयुष्यं मार्गी लावायला निघालेली लाडावलेली 'एमा' इथे मुलगा आहे, वंश, आणि त्याचे कान उपटणारी नैना त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. मूळ पुस्तकात पुरुष मोठा होता, तेव्हा दोनशे वर्षं कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. आता जातात. का जातात, ते घरी गेल्यावर आईला विचारा, जमलं तर आजीलाही.

तुमच्या प्राचार्यांनी मला पंधरा मिनिटं दिली होती. त्यांचं घड्याळ दोनदा बघून झालंय आणि विंगेतल्या त्या मुलाने एव्हाना दुसरी बाजूही सोडवून घेतलीय. अहो, कुणीतरी त्याला स्पिरिट गम द्या. मिशी पडली तर सासऱ्याला जावई समजतील.